कापलेलं वाक्य

९ फेब्रुवारी

पोपट,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाहीये, म्हणून नुसतंच पोपट. टीव्हीवर तुला सगळे सर म्हणतात. पण दिवसभर बडबड करून माझं डोकं उठवायचास म्हणून हे नाव मी ठेवलंय, आणि ते मी परत घेणार नाही.

ताईने फोन का नाही केला, असं वाटेल तुला. सांगते. काल भाजीच्या दुकानात मी फक्त "टोमॅटो द्या हो अर्धा किलो" म्हणाले. शेजारच्या बाईने वळून पाहिलं आणि लेकीला कोपराने ढोसलं. ती पोरगी हळूच गुणगुणायला लागली, "मी काय करू, मी काय करू..." कुणीतरी त्याला चाल लावलीय म्हणे. ठेक्यासकट फोनाफोनांवर फिरतंय. चेहरा माझा कुणाला ठाऊक नाही, पण आवाज घराघरात पोचलाय, तुझ्या कृपेने. तेव्हापासून घराबाहेर तोंड उघडत नाही. बोटाने दाखवते. भाजीवाल्याला वाटतं माझा घसा बसलाय, आज त्याने पिशवीत आल्याचा तुकडा टाकला.

म्हणून पत्र. कागदाला आवाज नसतो.

परवाच्या बातम्यांत तू ऐकवलंस ते मीही ऐकलं. एक बाई फोनवर किंचाळतेय, "काहीतरी करा हो, ते श्वास घेत नाहीयेत!" आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधून माझा आवाज, "मी काय करू, मी काय करू." संपलं. मग तू, भुवया वर चढवून. पडद्यावर लाल अक्षरांत 'निर्दयी'. पुन्हा तेच ऐकवलंस, पुन्हा तेच.

वाक्याचं उरलेलं अंग कुठे गेलं रे? मी म्हटलं होतं, "'मी काय करू, मी काय करू' म्हणत बसू नका. हात छातीवर ठेवा. मी सांगते तसं दाबा." ती तसं म्हणत होती, तिला मी थांबवत होते. ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत, नुसतं पुढचं उडवलंत.

मला एकच विचारायचंय. तुला माझा आवाज ओळखू आला होता का? आई गेली तेव्हा तू दुसरीत होतास. त्यानंतर रोज सकाळी तुला हाका मारमारून उठवणारा आवाज हाच. अलीकडे आपलं बोलणं होत नाही, तुझं नवं घर मी पाहिलेलं नाही, ते सगळं सोड. ओळखला नसशील तर तसं कळव. मी विश्वास ठेवेन.

माझी काळजी करू नकोस. थोडी रजा घेतलीय. कपाटं आवरतेय.

ताई


१६ फेब्रुवारी

पोपट,

पत्राला उत्तर म्हणून फोनवर दोन ओळी आल्या. "ताई, आम्हाला जेवढं मिळालं तेवढं दाखवलं. घरचं माणूस आहे म्हणून मी नियम वाकवू शकत नाही, हे तू समजून घेशील."

म्हणजे ओळखला होतास. 'घरचं माणूस' लिहिलंस त्यातच सगळं आलं. एका परीने सुटले मी. आठवडाभर मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी वाद घालून थकले होते.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग करतं. तू म्हण उलटी फिरवलीस. बरं, फिरव. पण जेवढं मिळालं तेवढंच दाखवलं, हे खरं ना? तेवढं तरी खरं असू दे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ती रजा नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय मला. कपाटं आवरून झाली. आता ती विस्कटते आणि पुन्हा आवरते. एवढी वर्षं कानाला यंत्र लावून बसले, एक फोन ठेवला की दुसरा. लोकांची लेकरं पडायची, म्हातारी माणसं घसरायची, बायका गाडीतच बाळंत व्हायच्या, आणि सगळ्यांना आधी माझा आवाज ऐकू यायचा. आता घरातला फ्रीज बंद झाला तरी दचकते. इतकं शांत असतं.

शेजारच्या खुर्चीवर बसणारा लंबू तुला आठवत असेल, एकदा घरी आला होता आणि आपल्या दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं होतं. त्याचा एक मेसेज आला होता. मी चष्मा शोधून आणेपर्यंत त्याने पुसून टाकला. मेसेज पुसल्याची खूण तेवढी उरलीय. ती मी अधूनमधून उघडून बघते. वेडेपणा, दुसरं काय.

खालच्या काकू मात्र येतात. टीव्ही बघून आल्या की माझ्याशी आणखी हळू बोलतात, जसं काही मीच आजारी आहे.

आणखी एक. त्या दुपारी आपल्या भागातल्या पाच गाड्यांपैकी दोन कुठे होत्या, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असायला हवं. नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला उभ्या होत्या. मंत्र्यांना काही झालं तर म्हणून. तुझ्याच चॅनलवर सबंध दुपार ते उद्घाटन चाललं होतं, कमानीवर प्रायोजक म्हणून तुमचंच नाव झळकत होतं. उरलेल्या तीन गाड्या आधीच रोग्यांना घेऊन बाहेर पडलेल्या. गाडी उशिरा पोचली ती यामुळे. बातमीत हे कुठे आलं नाही. ते मात्र मिळालं नसेल, असं कसं म्हणू? ते तर तुम्हीच चित्रित करत होतात.

ताई


२७ फेब्रुवारी

आज चौकशी झाली. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये आणि कोणी म्हणजे तूच, हेच माझं दुर्दैव.

लांबट खोली, मध्ये टेबल, चौकशी करणाऱ्या अधिकारी बाईंना सर्दी झालेली. समोरच्या बाकावर ती बसली होती, फोन करणारी. त्या दुपारी गेलेला तिचा नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

तुला खरं सांगू? मी घाबरले होते. एकच तुकडा इतक्यांदा ऐकल्यावर माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. वाटायला लागलं, पुढचं वाक्य मी नंतर मनाने तर जोडलं नाही ना? कदाचित बोललेच असेन तसं. वैतागून. माणूसच आहे. काल सकाळी आरशासमोर उभी राहून ते सहा शब्द बोलून पाहिले, आणि मला माझी शिसारी आली.

मग त्यांनी सबंध ध्वनिफीत लावली.

जसंच्या तसं होतं सगळं. तिचं किंचाळणं, माझं दटावणं, मग "दाबा, सोडा, दाबा, सोडा," मग मी आकडे मोजतेय आणि तीही हुंदके देत माझ्यामागे मोजतेय. मध्येच मी माइकवर हात ठेवून पाळीप्रमुखांना ओरडले, "स्टेडियमवरची एक तरी सोडायला सांगा हो!" आणि त्यांचं उत्तर, लांबून, पण स्पष्ट, "वरून परवानगी नाहीये, बाई." मग पुन्हा मोजणं. गाडीतली माणसं तिच्या दारातून आत येईपर्यंत.

मी मान वर केली तर ती बाई पर्स दाबत होती. दोन्ही तळहात एकावर एक, कोपर ताठ. आवाजाबरोबर. तिला कळतही नव्हतं आपण काय करतोय ते. फीत संपली तरी दाबतच राहिली. मग थांबली आणि अधिकारी बाईंना म्हणाली, "ह्या तर माझ्याबरोबर होत्या."

 अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि समोरचा कागद वाचला. हीच फीत, पूर्ण, घटनेनंतर तिसऱ्या दिवशी तुमच्या चॅनलने रीतसर मागून घेतली होती. पोचही दिलीय.

पोपट, ती कापली गेली ती तुमच्या खोलीत. आणि मला तू लिहिलंस, जेवढं मिळालं तेवढं दाखवलं.




६ मार्च

ती आली होती. चष्मेवाल्यांची बायको.

मी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर उभी. दोन मजले चढून दम लागलेला.

"तुम्हीच ना?"

मी मान हलवली. सवयच लागलीय मला.

"बोला ना," ती म्हणाली. "आवाज ऐकायलाच आलेय मी."

इतक्या दिवसांत कोणी असं म्हटलं नव्हतं. मी "या" म्हटलं, तर घशातून कुई असा आवाज निघाला, गंजलेल्या बिजागरीसारखा. दोघींनाही हसू आलं.

खुर्चीच्या कडेवर बसून ती बोलत राहिली. मी तिचंच बोलणं लिहिते, माझं काही घालत नाही.

"तिसऱ्या दिवशी टीव्हीवाला मुलगा आला. चांगला होता हो मुलगा. मला पाणी आणून दिलं त्याने. मग माइक धरला आणि म्हणाला, त्या बाईने मदत करायला नकार दिला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मला तर त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. डोक्यात नुसता कापूस. तो म्हणाला नकार दिला, म्हटलं दिला असेल. रडू तर येतच होतं. नंतर माझ्याच तोंडून ते टीव्हीवर ऐकलं, मग तर पक्कंच झालं."

"तुमची काय चूक," मी म्हटलं.

"ऐका तर. तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे मी तशीच बसून राहिले असणार, हो की नाही? ते समोर पडलेत आणि मी नुसती बघत बसलेय. रोज रात्री डोळ्यांपुढे हेच यायचं. आणि हात दुखायचे. इथून इथपर्यंत, आठवडाभर, कपडे पिळवेनात. का दुखतात तेच कळत नव्हतं. डॉक्टरांनी मलम दिलं." तिने आपले तळहात उलटे करून पाहिले. "त्या दिवशी फीत ऐकली तेव्हा कळलं का दुखत होते ते."

तेव्हा मला समजलं की तुम्ही कात्री चालवलीत ती फक्त माझ्या वाक्यावर नाही. नवऱ्याला वाचवायला त्या बाईने जिवाचा आटापिटा केला होता, शेवटपर्यंत केला होता. तेही कापून टाकलंत. माझी नोकरी परत मिळेल. तिच्या त्या रात्री कोण परत देणार?

निघायच्या आधी मी तिला सांगितलं. लपवणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, ज्याने ते दाखवलं तो माझा धाकटा भाऊ. मीच वाढवलाय.

तिने हातातला ग्लास खाली ठेवला.  मग "बरं" म्हणाली आणि चपला घालून गेली. पुन्हा येईल असं वाटत नाही. मी खिडकीतून पाहिलं, तिने वर पाहिलं नाही.


१४ मार्च

पोपट,

मला कामावर परत घेतलं. लंबू उठून उभा राहिला, काही बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाला, "खुर्चीचं चाक दुरुस्त करून ठेवलंय तुमच्या." मी म्हटलं, "बरं केलंस." एवढ्यावरच आमचं मिटलं. सगळ्यांचं असं मिटत नाही.

तुमची दिलगिरी पाहिली. खरं तर काकूंनी पाहिली. हवामान सांगत असताना पडद्याच्या तळाशी पट्टी पळत होती, काकू टीव्हीला नाक लावून उभ्या. "सदर ध्वनिफीत संक्षिप्त स्वरूपात प्रसारित झाल्याने निर्माण झालेल्या गैरसमजाबद्दल..." तेवढ्यात सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आला आणि पट्टी गेली. काकू मला विचारतात, "संक्षिप्त म्हणजे गं?" मी म्हटलं, "थोडक्यात." तर म्हणाल्या, "मग शिव्या कशा सविस्तर दिल्या?" काकूंना घे तुझ्या ऑफिसात, तुमचं भलं होईल.

काल तुझ्याकडच्या एका मुलीचा फोन आला. आवाज लाघवी. म्हणाली, रविवारी खास कार्यक्रम करू, तुम्ही आणि सर, बहीण आणि भाऊ, समोरासमोर. लोकांच्या मनाला फार भिडेल. मी विचारलं, सबंध फीत ऐकवणार का? म्हणाली, थोडी ऐकवू, मागे हलकं संगीत घालून. मी विचारलं, स्टेडियमवरच्या दोन गाड्यांचं सांगणार का? ती म्हणाली सरांना विचारते. मग तुझा निरोप आला, "स्टेडियमचा विषय माझ्या हातात नाही, ताई. मी काय करू?"

वाचलंस का स्वतः काय लिहिलंयस ते? माझे हेच शब्द तू गावभर ऐकवलेस. तुझे कोण ऐकवणार?

मी येणार नाही. रडायचं असेल तर मला माझं घर आहे. फीत लावायची तर सबंध लाव, संगीताविना, मध्ये तू न बोलता. तेवढं जमत नसेल तर मला पुन्हा फोन करायला लावू नकोस त्या मुलीला. तिची चूक नाही, आणि तिच्यावर मी चिडले, ते मला नंतर लागून राहिलं.

तू लहानपणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचास. अडखळलास की मी पुढचा शब्द सांगायचे आणि तू रागवायचास, "सांगू नको, मला वाचू दे." आता सांगत नाही. वाच तुझं तू.

ताई


२ एप्रिल

पोपट,

तुझ्या त्या बातम्या मी पाहिल्या नाहीत, हे आधी सांगते. मी कामावर होते. एका बापाच्या पोरीच्या घशात बटण अडकलं होतं, ते पाठीवर थोपटून बाहेर पडेपर्यंत मी त्याच्याशी बोलत होते. बटण पडलं, पोरगी रडली, बाप तिच्यापेक्षा मोठ्याने रडला. फोन ठेवला तर लंबू आणि बाकी सगळे भिंतीवरच्या टीव्हीपाशी, आणि तिथे साबणाची जाहिरात.

मग त्यांनी सांगितलं. तू मान खाली घालून वाचलंस म्हणे. फीत पूर्ण आमच्याकडे होती. ती आम्ही कापली. कापायला मीच सांगितलं. आवाज माझ्या बहिणीचा आहे, हे मला माहीत होतं. मग गाड्यांचं सांगायला लागलास. दोन गाड्या स्टेडियमवर होत्या, आम्ही तिथेच होतो, एवढं झालं आणि जाहिरात लागली. त्यानंतर तू पडद्यावर दिसलेला नाहीस. तुझ्या खुर्चीत एक दुसराच बसतो, त्याच्या भुवया अजून शिकाऊ आहेत.

लंबू म्हणाला, "बाई, भाऊ शेवटी भाऊच निघाला." सगळे असंच म्हणतायत. भाजीवालासुद्धा, मी कोण ते ठाऊक नसताना. आता मी बोलते त्याच्याशी, त्याला वाटलं आल्याने गुण आला. भावाने बहिणीसाठी नोकरी घालवली, हेच जो तो ऐकवतो. पोपट, रागावू नकोस, पण ते ऐकलं की मी तिथून निघून जाते. जो माणूस गेला तो कुठे आहे यात? बातमी त्याची होती. तू चुकलास तेव्हाही पडदाभर तूच होतास आणि चूक कबूल केलीस तेव्हाही तूच. बहीण म्हणायची गरज नव्हती. बाई म्हणायचंस. कुठलीही बाई.

तरी गाड्यांचं बोललास. ते तुला बोलू देणार नाहीत हे माहीत असून बोललास. ते मी विसरणार नाही.

मग तुझं पत्र आलं. मोठं, हाताने लिहिलेलं, अक्षर अजून डावीकडे कलतं. तू लिहितोस, मी गप्प बसलो असतो तर लोक म्हणाले असते, बहिणीला वाचवलं. म्हणून मुद्दाम जरा जास्तच कडक झालो. तिथे कुणी परकी बाई असती तर सबंध ऐकवलं असतं बहुतेक.

ही ओळ वाचून मी ते पत्र घडी करून ठेवलं आणि भांडी घासली. मग पुन्हा काढून तीच ओळ वाचली. म्हणजे मी परकी असते तर न्याय मिळाला असता. तुला वाढवलं हे माझ्या विरोधात गेलं.  माफ केलं असं लिहिलं तर खोटं होईल, आणि तुझ्या-माझ्यात आता खोटं एक अक्षरही नको.

पण पत्र त्यासाठी नाही. काल ती पुन्हा आली, चष्मेवाल्यांची बायको. या वेळी सरळ आत येऊन बसली, चहा मागितला. तिने तुझ्या बातम्या पाहिल्या होत्या. मला वाटलं, बरं वाटलं म्हणेल. ती म्हणाली, "तुमच्या भावाने सगळ्यांना सांगितलं. मला नाही सांगितलं."

मी म्हटलं, "त्याला काय सांगू?"

"माझ्याकडे पाठवा. भांडायचं नाहीये मला. चौकशीवाल्या बाईंकडून ती फीत मागून आणलीय मी. माझ्यासमोर बसून त्याने ती ऐकावी. सुरुवातीपासून. एवढंच."

तेव्हा जा. तिने दुकान पुन्हा उघडलंय, दुपारी गिऱ्हाईक नसतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, घड्याळ दुरुस्तीच्या शेजारी, दारावर मोठ्या चष्म्याची पाटी आहे. एक काच फुटलीय पाटीची. मी गल्लीच्या तोंडापर्यंत तुझ्याबरोबर येईन. आत तू एकट्याने जायचंस. झाल्यावर माझ्याकडे यायचं असेल तर ये, नाही आलास तरी समजेन.

आत गेल्यावर आपणहून काही बोलू नकोस. समजावून सांगायला जाऊ नकोस, रडू आलं तर आवर. ती विचारेल त्याचं उत्तर दे. आणि तिने काहीच विचारलं नाही, तरी ती सांगेपर्यंत उठू नकोस.

ताई